बाकावर बसलेला रणजित

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आरतीआधी एक विचारतो. माणूस खरा कुठे भेटतो — आपल्यासमोर उभा असतो तिथे, की टीव्हीवर दिसतो तिथे?

"समोर!" म्हणालात. माना डोलवल्यात. छान. आता ऐका!

आपला रणजित लाटकर. या देवळामागच्या मैदानावर बास्केटबॉल खेळून राज्याच्या संघात गेला. पेपरात फोटो आला तेव्हा आपणच जिलबी वाटली! मग अंतिम सामना झाला. संघ हरत होता, बाकीचे जीव तोडून धावत होते, आणि हा बाकावर, तोंडावर टॉवेल घेऊन बसलेला. चॅनेलवाल्यांनी तेवढंच उचललं. खाली ओळ — 'संघ बुडाला, हिरो आरामात!' मागे रडकं संगीत. दिवसभर तेच! संध्याकाळी आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवरही तेच.

अहो, पाच फाउल झाले की खेळाडूला बाहेर बसावंच लागतं! आपल्या गावात शेंबडं पोरही सांगेल. रणजितचा पाचवा झाला होता. तो बसला नव्हता, त्याला बसवलं होतं. टॉवेलाआड रडत होता पोरगा.

गावी आला. कट्ट्यावर गेला, तर एकेक जण उठून घरी गेला. शेवटी दामूअण्णांकडे गेला. गावातले पंच! लहानपणी याला पाचव्या फाउलला शिट्टी फुंकून बाहेर काढणारे हेच. म्हणाला, "अण्णा, पाच झाले होते. तुम्हाला तरी नियम ठाऊक आहे ना?"

अण्णा म्हणाले, "नियम ठाऊक आहे रे. पण टीव्हीवर तू बसलेला दिसलास."

रणजित परत फिरला, तो चेंडू घेऊन एकटाच मागच्या मैदानावर गेला.

मृदंग थांबवा, बुवा. सगळे गप्प बसा जरा... येतंय ऐकू? भिंतीमागे — धप, धप. चेंडू जाळीतून पडतो, घरंगळत कुंपणापाशी जातो, आणि आणायला हाच जातो. परत फेकायला कुणी नाही. रोज कीर्तनात तो आवाज येतो, आणि फार वाईट वाटतं हो मला.

मघाशी 'समोर' म्हणालात ना? मग तो या भिंतीपलीकडे आहे. आरती थांबेल — देव काही टीव्ही लावून बसलेला नाही! दामूअण्णा, खांबाआड बसलात तरी दिसताय. शिट्टी आहे ना खिशात?

उठा. तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो.