पापणी मिटायची नाही

(शनिवार पेठेतला डोळ्यांचा दवाखाना.)

दीक्षा : खरं सांगा डॉक्टर. नवरा आहे माझा, मी ऐकून घेईन. दारूनंच होतात ना असे डोळे?

डॉक्टर : दारू असती तर बरं झालं असतं. सुटली असती कधीतरी. हनुवटी इथं टेकवा, समाधान. पापणी का मिटत नाही तुम्ही?

समाधान : मिटतो की मॅडम. माणूस आहे मी.

डॉक्टर : मी भिंगातून मघापासून बघतेय. एकदाही पुरती मिटलेली नाही. बुबुळावर ओरखडे आहेत, वाळूनं घासल्यासारखे.

समाधान : वाळूच वाटते आत. पण पाणी तर सारखं गळतं. मग कोरडे कसे?

डॉक्टर : कोरडे आहेत म्हणूनच गळतं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पापणी मिटली की तेल पसरतं, मग पाणी टिकतं. तुमच्या ग्रंथी बुजल्यात, कडा सुजल्यात. वारा लागतो का तोंडावर?

समाधान : हिंजवडीला कंपनीची बस चालवतो ना. मागच्यांना उकडतं म्हणून एसी फुल. झोत माझ्या तोंडावर.

डॉक्टर : आणि लाली घालवायला काय टाकता?

समाधान : मेडिकलवाल्यानं दिलेले थेंब. टाकले की पांढरेशुभ्र.

डॉक्टर : आणि संध्याकाळी दुप्पट लाल. डोळ्यांचं शिकलाय का तो, की नुसतंच दुकान आहे? पण मिटत का नाही, ते सांगा.

दीक्षा : सांगा ना आता.

समाधान : स्टेअरिंगसमोर कॅमेरा बसवलाय. डोळा जरा जास्त वेळ मिटला की बीप. ऑफिसात लगेच जातं, ड्रायव्हर झोपला. दुसऱ्या बसवरच्या आमच्या सोनबानं चुरचुरतंय म्हणून सिग्नलला डोळे मिटले, तर घरी बसवला त्याला. मग मी सवयच लावून घेतली.

डॉक्टर : कसली?

समाधान : न मिटायची. आरशासमोर बसून.

दीक्षा : मला वाटलं चढलीय, म्हणून तोंड बघत बसलेत. मी पोरं घेऊन माहेरी गेले होते हो, डॉक्टर.

डॉक्टर : ओरखडे भरेपर्यंत गाडी बंद.

समाधान : असं नका करू मॅडम. डोळे लाल दिसतात म्हणून प्रवाशांनी तक्रार केलीय. फिट आहे असा कागद आज नेला नाही तर माझी बस दुसऱ्याला जाते. त्यासाठीच आलोय.

डॉक्टर : फिट नाही तर फिट कसं लिहू? बसभर माणसं असतात मागं.

दीक्षा : मग जे आहे ते लिहा. कॅमेऱ्याचं लिहा, एसीचं लिहा. तो ऑफिसातला साहेब केबिनमध्ये मजेत पापण्या मिटतोय, त्याला वाचू दे.

डॉक्टर : लिहिते. वाचेल की नाही, सांगता येत नाही. आधी गरम फडक्याचा शेक घ्या. डोळे मिटा, समाधान.

समाधान : हं.

डॉक्टर : मिटा.

दीक्षा : अहो, मिटा ना. इथं कुठं कॅमेरा आहे?

समाधान : मिटलेत की.