आतून कडी

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकेला मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"जिमला का नाही जात?"

"या वयात? लोक हसतील! घरीच व्हिडिओ लावते, आतून कडी घालून."

"मग हे कसं झालं?"

"तोल गेला. दोन तास जमिनीवर पडून होते. आणि व्हिडिओतली बया म्हणतेय, शाब्बास, अजून दहा!"

"हाक मारायची ना!"

"ऐकायला होतं कोण?"

शिक्षिकेने पर्समधून मोबाइल काढला. एकट्या राहणाऱ्या आईला असे व्हिडिओ लावायला तिनेच शिकवलं होतं. तिने फोन लावला.

"आई, झाला व्यायाम?"

"झाला की. जरा खाली बसलेय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. तू शाळेत असशील, म्हणून नाही केला फोन."

"शेजारच्या काकूंना पाठवते. कडी काढ."

"तेवढंच जमत नाहीये गं."