अर्धं घर पाडता येत नाही

हॅलो? … हां, बोल टिकम. … हो, मीच, गंगी वहिनी. दुसरं कोण उचलणार, तुझे भाऊ स्वर्गातून खाली येणार का फोन घ्यायला? … थांब, रेंज जातेय… ओसरीच्या कडेला सरकते. … आता येतंय ऐकू?

… आलाय ना तुझा जेसीबी. माझ्या दोन सफरचंदांच्या फांद्या मोडून दारात उभा आहे. … नाही, काम नाही सुरू झालं. … कारण मी ओसरीवर बसलेय. … बसलेय म्हणजे बसलेय, राजमा निवडतेय. …

हो, अर्धं तुझं. कोण नाही म्हणतंय? वाटणीत उन्हाची बाजू मीच दिली तुला. … हो, हो… अरे ऐक ना. भिंतीवर मधोमध चुन्याची रेघ मारून घेतलीस, इथून तोडा म्हणे. याच घरात जन्मलास ना तू? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत देवदाराचा एकच ओंडका. त्यावर दगड, दगडावर परत ओंडका. ना खिळा, ना सिमेंट. तुझ्या अर्ध्याचा ओंडका माझ्या चुलीमागे येऊन संपतो. तो ओढलास की माझी भिंत माझ्याच डोक्यावर. …

टेकू लावून? टेकू म्हाताऱ्याला लावतात रे, घराला नाही. …

जुनाट? हे जुनाट घर आजोबांच्या वेळच्या मोठ्या भूकंपात हललं आणि परत जागेवर बसलं. खाली रस्त्यालगतचं ते पाच मजली हॉटेल एका पावसाळ्यात तडकलं. आता लोक तिथे फक्त फोटो काढायला थांबतात. …

मी प्रगतीच्या आड येतेय? मी? वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना कोण देतं? गिझर कुणी बसवला, संडास आतून कुणी करून घेतला? परवा पुण्याची मंडळी राहून गेली, रोज वाफवलेले सिड्डू मागत होती, तूप जास्त घाला म्हणून. … मग?

हॉटेल बांधायचंय तर बांध की. कसं बांधायचं ते गावाच्या बैठकीत ठरलंय, व्हिडिओवरून तूही मान हलवली होतीस. … रेंज नव्हती म्हणून हलली? बरं. … खालच्या बागेत बांध. दोन मजले, वर काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर, देवाच्या भांडारघराहून उंच नाही. ओंडके वाहायला घरटी एक माणूस येईल, नुसत्या जेवणावर. … तिथून बर्फाचे डोंगर दिसत नाहीत? मग पाहुण्यांना सांग, चहाला गंगी वहिनीच्या ओसरीवर जा. …

पोलीस? आण. राजमा भरपूर आहे. …

हा? … ढोल वाजतोय. तेच सांगत होते. गावचा देव येतोय, पालखीतून. … कुठे म्हणजे? आपल्या घरी. मी बोलावलंय, पाहुणा म्हणून. … हो, आजच. … मुद्दाम? मुद्दामच. तू जेसीबी आणलास, मी देव आणला. …

नाटक? ते मी ऐकलं नाही, त्यानेही ऐकलं नसेल असं समजू. … टिकम, तुझे भाऊ गेल्यापासून देव आपल्या दारी आला नाही. मलाच धीर होत नव्हता. एकट्या बाईने कसं यजमान व्हायचं, लोक काय म्हणतील… आता झाले यजमान. तुझ्यामुळेच झाले. …

किती दिवस राहणार? पाहुण्याला विचारतात का, कधी जाणार म्हणून? देव घरात बसलेला असताना कुणी खुंटी ठोकत नाही, भिंत काय पाडतोस. …

ये ना, मी कुठे नको म्हणते. घरचा पुरुष तूच, पालखीला खांदा तूच द्यायचा. टोपी घाल, कातड्याचा पट्टा काढून ठेव, आणि गूरच्या, ज्याच्या तोंडून देव बोलतो त्याच्या, अंगात देव आला की साऱ्या गावादेखत विचार, अर्धं घर पाडू का म्हणून. … हो. तो हो म्हणाला तर छपराचा पहिला दगड मी उतरवीन, या हातांनी. शब्द आहे माझा. … पण विचारायचं तू. तुझ्या वतीने मी नाही विचारणार.



… थांब, थांब. जेसीबी हलतोय. … नाही रे, भिंतीकडे नाही. मागे जातोय. पालखीला वाट करून देतोय. … मी नाही काही बोलले ड्रायव्हरला. खाली उतरला… बूट काढतोय. … देऊ त्याला फोन? … देते… अहो भाऊ, मालक बोलतायत… नको म्हणतोय. हात जोडलेत त्याने, फोन कुठल्या हाताने धरणार?

… बरं, ठेवते आता. पालखी अंगणात आली. … अर्ध्या नाही रे. सगळ्या अंगणात.