धाकट्याचं नाव

सैनिकांच्या जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या कार्यालयात रांग जागची हलत नव्हती. युद्धावर गेलेल्या मामांची चौकशी करायला आलेला वायरमन सारखा घड्याळ बघत होता. त्याच्या पुढे एक म्हातारी आणि तिची भाची उभी होती.

"आत्या, चुळबुळ नको करूस. आलाच आपला नंबर."

"चल गं घरी. इतकी वर्षं राहिलं, राहू दे की."

"चुकीचं नाव राहू द्यायचं? आजोबा घरात म्हातारे होऊन गेले, आणि चौकातल्या स्मारकावर नाव त्यांचं!"

"धाकट्याचं वय भरत नव्हतं. बाबांचं नाव सांगून भरती झाला तो."

"आणि आजोबांनी सांगू दिलं?"

"तेव्हा हसले म्हणे. नंतर तो चौकच टाकला त्यांनी. बाजारालासुद्धा लांबून वळसा घालून जायचे."

"म्हणूनच म्हणते, जो गेला त्याचं नाव लागू दे."

"चला, पुढे कोण?" खिडकीतून कारकून ओरडला.

"साहेब, स्मारकावरचं नाव बदलायचंय. तिथे माझ्या आजोबांचं लागलंय. युद्धात गेले ते त्यांचे धाकटे भाऊ."

"बरं. त्यांचं नाव काय?"

"आत्या, सांग."

"धाकटा."

"अगं, खरं नाव!"

"बाबा धाकटाच म्हणायचे. आजी रडायची तीही धाकट्या, धाकट्या करूनच."

"बाई, लवकर सांगा. मागे रांग आहे."

वायरमनने घड्याळ बाहीखाली सारलं आणि तो कारकुनाला म्हणाला,

"थांबा हो जरा, आठवेल. एवढं घरातलं माणूस, नाव असणारच ना त्याला."