डबा, डिस्क आणि ताईचं डाउनलोड

...तर तो दुकानदार मलाच विचारतो, ‘बाई, डबा कशाला हवाय तुम्हाला?’ म्हणजे बघा, दुकान त्याचं, गेमचे डबे विकायचा धंदा त्याचा, आणि गिऱ्हाइकानं डबा मागितला तर हा माझ्याकडे असा बघतो की जसं काही मी कंदिलाची काच मागितलीय. मी म्हटलं, डबा कशाला म्हणजे? वस्तू कशी हातात पाहिजे. हातात घेतली, उलटीपालटी केली, मागचं वाचलं, कपाटात ठेवली, की ती आपली. तर म्हणतो, ‘हल्ली सगळे डाउनलोड करतात.’ सगळे करतात म्हणून मी करायचं?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. तुम्हाला मुळापासून सांगते. मी एका कॉलेजच्या वाचनालयात आहे, सत्तावीस वर्षं. वय चौपन्न. आणि मी गेम खेळते. हसू नका. शब्दकोडं नाही, पत्ते नाहीत, टीव्हीला मशीन जोडून, हातात कंट्रोलर घेऊन, जीभ दातात धरून खेळायचा गेम. त्यात एक बदक असतं. ते टपाल वाटतं. डोक्यावर टोपी, गळ्यात पिशवी, या बेटावरून त्या बेटावर पोहत जायचं, पत्र टाकायचं, कुत्रा मागे लागला की पाण्यात उडी. एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण पहिल्या भागात त्या दीपगृहातल्या म्हातारीला पत्र पोचवायला मला अकरा दिवस लागले, आणि पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात पुस्तक उशिरा आणलेल्या एकालाही बोलले नाही. पोरं घाबरली. त्यांना वाटलं, बाईंना काहीतरी झालंय.

हा नाद मला लावला ताईनं. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. बत्तीस वर्षं तेच. ‘आता नीट दिसतंय की मघाशी? आता, की मघाशी?’ त्यामुळे झालंय काय, की ती कुठल्याही बाबतीत माणसाला दोनच पर्याय देते आणि दोन्ही तिचेच असतात. तर आमचा आठ वर्षांचा रिवाज असा, की गेम दोघींत एकच घ्यायचा. एक आठवडा डबा तिच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. रविवारी चारला बेल वाजणार. चार म्हणजे चार. ताई दारात, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. ‘घे. डिस्कच्या मागे बोटं लावू नकोस, गेल्या वेळी तुझा अंगठा उमटला होता.’ नजर तपासणारी बाई, तिला माझा अंगठा दिसणारच. मग आत यायचं, सोफ्यावर तिरकं बसायचं, चहा प्यायचा, आणि मग तपासणी. चहात साखर, खिडकीचे पडदे, माझे केस, ह्यांचं पोट, काही सुटायचं नाही. आठ वाजता उठायचं. पुढच्या रविवारी डबा घेऊन मी तिच्याकडे. तिथे तरी तिची तपासणी व्हावी? नाही. तिथेही माझीच.

मी दर रविवारी ह्यांना म्हणायची, ‘कटकट आहे हो नुसती.’ हे म्हणायचे, ‘हं.’ ह्यांचं लिफ्ट दुरुस्तीचं काम आहे. दिवसभर अडकलेल्या माणसांच्या आरोळ्या ऐकून आलेला माणूस घरी फार बोलत नाही.

तर बदकाचा तिसरा भाग येणार म्हणून मी दुकानात महिनाभर आधी नाव नोंदवलं. आणि आदल्या दिवशी ताईचा फोन. ‘चिमे, मला त्यात धरू नकोस हं. माझं उतरवून झालं.’

‘काय उतरवून?’

‘गेम. डाउनलोड.’

तिच्या मुलीनं तिला निवृत्तीची भेट म्हणून नवं मशीन दिलं होतं, आणि त्या मशीनला डिस्क घालायची फटच नाही. मी म्हटलं, फटच नाही? तर म्हणते, ‘फट जुनी झाली. आता डबा नाही, धूळ नाही, पसारा नाही, तुझा अंगठा नाही. आपले जुने गेमसुद्धा सगळे घेतले परत, नऊच्या नऊ गेम आत आहेत. आता सांग, हे बरं की मघाचं?’

मी म्हटलं, ताई, वस्तू कशी हातात पाहिजे. तर म्हणते, ‘हातात कंट्रोलर आहे की.’ मग मी विचारलं, ‘आणि रविवारी?’ ‘रविवारी कशाला? डबाच नाही, तर आणायचं काय? तुझी दगदग वाचली.’

दगदग वाचली... तुम्हाला सांगते, ज्याला मी आठ वर्षं कटकट म्हणत होते ते एका वाक्यात संपलं आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाच. दहा मिनिटं झाला.

मग मी ईर्षेला पेटले. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. रांगेत मी एकटी. म्हणजे माझ्या पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, तरी मी आपली रांगेत. दुकानात बघते तर गेमच्या भिंतीवर मोबाइलची कव्हरं लटकलेली, आणि गेम कुठे, तर खाली, झाडूच्या शेजारी. तिथे त्यानं मला ते ‘डबा कशाला’ विचारलं, मी त्याला ते ‘वस्तू हातात’ ऐकवलं, आणि डबा घेऊन घरी आले. काय सुरेख डबा. वर बदकाचं चित्र, टोपीवर तिसऱ्या भागाचं चिन्ह. नखानं वरचं प्लॅस्टिक सोडवलं, सावकाश उघडला, आणि आत... चिठ्ठी. डिस्कची जागा गोल, रिकामी, आणि त्यात एक चिठ्ठी. ‘खरेदीबद्दल आभार. खालील सोळा अक्षरं टाकून गेम डाउनलोड करून घ्यावा.’

मी डबा हलवून बघितला. उलटा केला. चिठ्ठीच्या मागे बघितलं, मागे तेच दुसऱ्या भाषेत. हे चहा पीत होते. त्यांनी डबा हातात घेतला, बिजागरी उघडमीट करून बघितली आणि म्हणाले, ‘डबा चांगला आहे.’

तशीच्या तशी परत दुकानात. म्हटलं, यात काही नाही. तर तो शांतपणे म्हणतो, ‘बाई, तुम्ही डबा मागितलात. मी तेव्हाच विचारलं होतं, कशाला.’  वर मला समजावतो, की असू द्या, एका खात्यावर घरातल्या दोन मशीनवर चालतो, काळजी करू नका. मला काळजी नव्हती हो, मला डिस्क हवी होती.

शेवटी आले घरी आणि टाकली ती सोळा अक्षरं. त्यात एक शून्य होतं की ओ होता, त्यात पाऊण तास गेला. मग पडद्यावर एक पट्टी आली. एक टक्का. जेवणं झाली, दोन टक्के. आमच्या घरचं नेट असं आहे, की शेजारच्या खोलीतून ह्यांनी मोबाइलवर बातम्या लावल्या तर इकडे पट्टी थांबते. मग मी ह्यांच्या बातम्या बंद केल्या. हे म्हणाले, ‘लिफ्ट मधे अडकली तर आत माणूस असतो, तरी आम्ही एवढा वेळ लावत नाही.’ तीन दिवस. तुम्ही मला सांगा, वाचनालयात कुणी पुस्तक मागितलं आणि मी म्हटलं, बसा, येतंय, मुखपृष्ठ आलंय, प्रस्तावना उद्या सकाळपर्यंत येईल, तर चालेल का?

आला एकदाचा. खेळू लागले. छान आहे, नाही म्हणत नाही. पण रविवार आला. चार वाजले. बेल नाही. मी म्हटलं, वा, निवांत. खेळत बसले. दुसऱ्या रविवारी चार वाजता मी उगाचच उठून दार उघडून बघितलं, तर जिन्यात कोणी नव्हतं. तिसऱ्या रविवारी चहा दोघींचा टाकला गेला आणि तो ह्यांना दोनदा प्यावा लागला. फोन करावा? मी का करावा? डबा कोणी सोडला? तिनं. आणि तिला वाटत असणार, धाकटी कोण? मी. असे पाच रविवार गेले. बदक माझं चौथ्या बेटावर होतं, पण कुणाला सांगणार? ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘हं.’

सहाव्या रविवारी चार वाजता फोन वाजला. ताई. आवाज असा, की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे. ‘चिमे, मशीन मला ओळखत नाही गं.’

झालं होतं असं, की मशीननं तिला पासवर्ड विचारला. तो ती विसरली. नवा पासवर्ड ईमेलवर येणार, आणि ईमेल कुठला दिलेला? चष्म्याच्या दुकानाचा. तो दुकानानं, ही निवृत्त झाल्यावर, बंद करून टाकलेला. मग तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई. ‘आपण आपणच आहात हे सिद्ध करण्यासाठी ईमेलवर आलेला क्रमांक सांगा.’ ‘अहो, तो ईमेल बंद आहे.’ ‘हरकत नाही. ईमेल बदलण्याची सूचना आपल्याला ईमेलवर पाठवत आहोत.’ ‘कुठल्या ईमेलवर?’ ‘आपल्या.’ दोन तास. आयुष्यभर दुसऱ्यांना पर्याय देणाऱ्या माझ्या ताईला एकही पर्याय मिळाला नाही. नऊच्या नऊ गेम गेले.

‘माझं बदक शेवटच्या बेटावर होतं गं,’ ती म्हणाली.

आता तुम्हाला खरं सांगते. वस्तू कशी हातात पाहिजे, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पाच आठवडे मी ते वाक्य तिच्यासाठी घासूनपुसून ठेवलं होतं. पण फोनवर ताईचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि माझ्या हातात तरी काय होतं? चिठ्ठी. मग मी म्हटलं, ‘ताई, माझ्या खात्यावर दोन मशीन चालतात. तुझं घेऊन ये.’

‘पासवर्ड सांग ना फोनवर. मी इथेच टाकते.’

‘फोनवर नाही,’ मी म्हटलं. ‘फोनवर पासवर्ड सांगू नये. सुरक्षित नसतं.’

पाऊण तासात ताई दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत मशीन. आत आली, तिरकी बसली आणि म्हणाली, ‘पडदे अजून हेच?’ काय सांगू, इतकं बरं वाटलं मला. मशीन जोडलं, डाउनलोड लावलं. आठ वाजेपर्यंत दोन टक्के. तोवर करायचं काय, म्हणून आम्ही माझ्या मशीनवर दोघी खेळलो. तिसऱ्या भागात दोन बदकं एकदम खेळवता येतात, हे मला माहीतच नव्हतं. एकटीला कसं माहीत असणार? तिचं बदक माझ्या बदकाच्या पुढे पोहायचं आणि मागे वळून सांगायचं, ‘पिशवी नीट धर.’ जाताना ताई म्हणाली, ‘मशीन राहू दे इथेच. उद्या येते बघायला.’

उद्या आली. परवा आली. मी वाचनालयातून घरी पोचते तर ही पायरीवर बसलेली. असे आज तीन आठवडे झाले आणि डाउनलोड एकसष्ट टक्क्यांवर आहे. परवा हे जेवताना म्हणाले, ‘आपलं तर तीन दिवसांत झालं होतं.’ एरवी ‘हं’ म्हणणारा माणूस, नेमका इथे बोलला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं... ताई गेली की मी ते थांबवते. एक बटण असतं. दाबते आणि झोपायला जाते. सकाळी थोडा वेळ चालू करते, अगदीच हललं नाही तर तिला संशय येईल. नजर तपासणारी बाई आहे. आणि गेल्या गुरुवारी, ताई निघून गेल्यावर, मी बटण दाबायला गेले तर ते आधीच थांबवलेलं होतं. मी ह्यांना विचारलं, तुम्ही हात लावलात? ‘मी कशाला?’ नेट बघितलं, नेट सुरू.

मी ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी ताईनं आल्या आल्या विचारलं, ‘किती झालं?’ मी म्हटलं, अठ्ठावन्न. ती पट्टीकडे नीट बघत म्हणाली, ‘नेट फार हळू आहे बाई तुझ्याकडे.’ मी म्हटलं, हळूच आहे.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. आणि काल हे घरी आले ते खुशीत. म्हणाले, ‘तुम्हा दोघींचे हाल बघवत नाहीत. दसपट वेगाचं नेट सांगून आलोय. शनिवारी माणूस येतोय बसवायला.’ लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसानं मला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती ही.

मी आत जाऊन ताईला फोन लावला. म्हटलं, असं असं झालंय, शनिवारी माणूस येतोय, दुपारपर्यंत शंभर टक्के होईल.  ती म्हणाली, ‘तू दार उघडू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही. मी सकाळी लवकर येते, त्याला मी बघते.’