कॅरॅव्हानला थंडी वाजते

नोव्हेंबर लागला होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीजवळ, गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांच्या म्हणजे कॅरॅव्हानच्या सामानाच्या दुकानात ग्लेन रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात नवा हीटर.

"कुणासाठी घेतोयस, डेरिक?"

"आपल्या कॅरॅव्हानला. थंडीत आतून ओल धरते, नोरीन."

"आणि घरातला हीटर बंद."

"दोन-दोन कसे चालवायचे?"

"तिच्या गाद्यासुद्धा आपल्या पलंगावर उभ्या आहेत. आपण खाली जमिनीवर."

"आडव्या ठेवल्या की बुरशी येते."

"मी पण आडवीच झोपते."

"वसंतात नेऊ की परत."

"वसंतात तू छताचं शेवाळ घासतोस. उन्हाळ्यात पडदे विटतात म्हणून दार उघडू देत नाहीस. पानं गळायला लागली की गोठू नये म्हणून नळांतलं पाणी काढून टाकतोस. नऊ वर्षांत एक रात्र तरी झोपलोय का तिच्यात?"

"म्हणून तर नवी दिसते."

"ठीक आहे. आज मी तिच्यात झोपणार. हीटर लावून."

"नोरीन, रांगेत लोक ऐकतायत."

"ऐकू दे. एक गादी नेते."

"चहा नाही ना करणार आत? वाफ होते."

"दोन कप करणार. यायचं असेल तर बूट बाहेर काढून ये."

डेरिकने शेजारच्या फळीवरून ओल शोषणारा डबा उचलला. थोडं थांबून आणखी एक उचलला.

"दोघांच्या श्वासाला एक पुरणार नाही," तो म्हणाला.