खड्ड्यातल्यांना वारा

(मासवण, १९६६. दिनानाथ मास्तरांचं स्वयंपाकघर. ओट्यावर नवी गोबरगॅसची शेगडी, मागच्या दारातून दिसणारा शेणाचा खड्डा, त्यावर पालथी लोखंडी टाकी. मास्तरांची बायको मैनाबाई आणि घरकामाला येणारी नवसी.)

मास्तर : आजपासून मासवणातला धूर इतिहासजमा!

मैनाबाई : आधी शेगडी पेटू दे. सहा काड्या झाल्या. ओटीवर सरपंच आणि पाच मंडळी चहाची वाट बघतायत.

मास्तर : सातवीला पेटेल. नवसी, खड्ड्यात शेण रोज घातलंस ना?

नवसी : रोज दोन पाट्या, मास्तर. पानी कालवून.

मास्तर : मग गॅस भरून टाकी वर का येत नाही? मागच्या आठवड्यात चांगली हातभर आली होती. तिकडे तारापूरला अणूतून वीज काढायला निघालेत, आणि मला शेणातून ज्योत काढता येईना!

मैनाबाई : तोंड पाडू नका हो.

मास्तर : कसं नको पाडू? पालघरचे डॉक्टर काय म्हणाले? धुरापुढे बसलीस तर डोळे जातील. त्यासाठीच केलं ना हे सगळं!

मैनाबाई : माहित्येय. पण आतले ते जीव बरे आहेत ना?

मास्तर : कोण जीव?

मैनाबाई : तुम्हीच म्हणालात. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आत शेण खातात नि गॅस सोडतात. बिचारे! काळोखात, वर लोखंडी टाकी.

नवसी : म्हनून चार दिस झाले, आमी दोघी रोज दुपारी बांबू घालून टाकी उचलतो. बाय बोलली, त्यांना वाईच वारा लागू दे.

मास्तर : वारा?

मैनाबाई : अर्धा तासच. गुरांनासुद्धा सोडतोच की गोठ्यातून.

मास्तर : अगं, या जंतूंना हवा म्हणजे विष! म्हणून तर टाकी पालथी घातली. गॅस गेला आणि जंतूही गेले.

मैनाबाई : अगंबाई! मग आधी नाही सांगायचं?

मास्तर : अख्ख्या गावाला दोन तास सांगितलं!

मैनाबाई : तेव्हा मी गावाचा चहा करत होते. चुलीपुढे.

नवसी : सगले मेले, मास्तर?

मास्तर : तळाशी असतील थोडे. टाकीला हात न लावता महिनाभर थांबायचं.

मैनाबाई : थांबू. सरका, चूल पेटवते.

मास्तर : तू नाही. तू बाहेर, वाऱ्यावर बस. चहा मी टाकतो. फुंकणी कुठंय?

मैनाबाई : कोनाड्यात. डोळे सांभाळा हो.

मास्तर : आणि काडेपेटी?

मैनाबाई : तुमच्याच हातात आहे. रिकामी.